मोठी गाडी, भरलेले घर : मुंब्रा ते चिपळूण

मे महिना आला की आपल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. गावी लग्न आहे, जाणारे बारा-तेराजण आहेत, रेल्वेची तिकिटे केव्हाच संपलेली आहेत. दोन छोट्या गाड्या केल्या तर नानी कोणत्या गाडीत बसणार यावरून वाद, मुलांना एकत्र बसायचे म्हणून वेगळा वाद. मग कोणीतरी म्हणतो, "एक मोठी गाडीच नेऊ या, सगळे एकत्र जाऊ." सगळ्यांना हे पटते. आणि मग खरा प्रश्न येतो, चालवणार कोण?

आमच्याकडे या वेळी त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी येऊन थांबले. खालाच्या मुलीचा निकाह चिपळूणजवळच्या खाडीकाठच्या गावात होता. मामूंची तेरा सीटची ट्रॅव्हलर दारात उभी होती, पण मामूंच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायला बंदी केलेली. माझ्या हाताला छोट्या गाडीची बारा वर्षांची सवय होती, मोठ्या गाडीची एका दिवसाचीही नव्हती. मामू म्हणाले, "चालवशील तू. शेजारी मी बसतो. पण मी सांगेन तसं आणि मी सांगेन तेव्हा." मामूंनी बावीस वर्षे कुवेतमध्ये कंपनीच्या माणसांची ने-आण केली आहे. तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. परत आल्यावर त्यांनी स्वतः दोन महिने सगळे नव्याने शिकून घेतले होते. त्यामुळे नव्या हाताची भीती त्यांना ठाऊक होती.

त्या सफरीत जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो आहे. आपल्यापैकी अनेकांवर कधी ना कधी ही वेळ येते.

आधी कागद

पहिला प्रश्न परवान्याचा. माझ्याकडे साधा हलक्या वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही परवाना. गाडी पिवळ्या पाटीची. पूर्वी अशा गाडीसाठी परवान्यावर वेगळी नोंद हवी की नको यावर कोर्टकचेऱ्या चालत, आणि अपघात झाला की विमा कंपन्या तिथेच बोट ठेवत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाचे प्रवासी किंवा मालवाहू वाहन एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. तेरा-सतरा सीटच्या गाड्या या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. तरीही आरसी बुक उघडून वजन आणि सीटची संख्या स्वतःच्या डोळ्यांनी बघा. विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी यांच्या तारखाही तेव्हाच बघून घ्या. गाडी भाड्याने घेणार असाल तर पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देऊ केली तरी घेऊ नका. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, प्रवासी टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. हा फरक घरातल्या सर्वांना माहीत असावा.

तीन सकाळी मैदानावर

निघायच्या आधीच्या आठवड्यात मामूंनी मला तीन दिवस फज्रनंतर एका मोकळ्या मैदानावर नेले. पहिल्या दिवशी त्यांनी किल्ली दिलीच नाही, शिंप्याचा टेप हातात दिला. लांबी जवळपास सहा मीटर, माझी छोटी गाडी चार मीटरच्याही आतली. उंची अडीच मीटरच्या वर. उंचीचा आकडा एका कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवला. "हा आकडा झाडाच्या फांदीखाली आठवला पाहिजे," मामू म्हणाले, "फांदी टपावर वाजल्यावर आठवून काय फायदा?"

आपण या गाडीला सर्रास टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८७ मध्ये मर्सिडीजच्या आराखड्यावरून ही गाडी आणली. कंपनीचे नाव आता फोर्स मोटर्स आहे. 'टेम्पो' हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव, तिच्या तीनचाकी गाड्या इथे बनू लागल्या आणि मराठीत प्रत्येक लहान मालगाडीच टेम्पो झाली. सांगायचा मुद्दा असा की हा आराखडा मुळात सामान आणि माणसे वाहण्यासाठीचा आहे. कारमध्ये आपण पुढच्या चाकांच्या बरेच मागे बसतो, इथे जवळजवळ त्यांच्या वरच बसतो. पुढचे नाक तोकडे, आणि मागचा सगळा पसारा आपल्या पाठीशी.

दुसऱ्या दिवशी पाण्याचे रिकामे डबे मांडून वळणे शिकलो. कारच्या सवयीने स्टिअरिंग लवकर फिरवले की मागचे चाक आतून कापते, कोपऱ्यावरचा डबा त्याच्याखाली जातो. म्हणून मोठ्या गाडीत थोडे पुढे जायचे, स्वतःचे शरीर कोपऱ्याच्या पुढे गेले की मग वळायचे. उलट बाजूला आणखी एक गंमत असते. मागच्या चाकांच्या मागे जो डबा लोंबतो, तो वळताना विरुद्ध बाजूला झुलतो. तुम्ही डावीकडे वळता आणि गाडीची शेपटी उजवीकडे जाते. भिंतीला खेटून उभी केलेली गाडी पूर्ण स्टिअरिंग मारून काढली की ओरखडा नेमका तिथे पडतो. आधी दोन-तीन हात सरळ पुढे काढायची, मग वळवायची.

आरशांचीही नवी सवय लागते. आतला आरसा अशा गाडीत जवळपास निरुपयोगी, त्यात फक्त माणसांची डोकी दिसतात. सगळी भिस्त बाहेरच्या दोन आरशांवर. गाडी उभी असतानाच ते असे लावायचे की आपल्या गाडीची कड थोडीशी दिसावी आणि मागचे चाक रस्त्याला टेकते ती जागाही दिसावी. फुगीर आरशात मागची मोटारसायकल असते त्यापेक्षा लांब वाटते, हे मनात पक्के हवे. मामूंनी नियम घालून दिला, चालताना दर सात-आठ सेकंदांनी दोन्ही आरशांवर नजर फिरवायची, वळायचे असो वा नसो.

तिसऱ्या दिवशी रिव्हर्स. इथे मामूंनी एसटीची रीत लावली. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागे एकच माणूस उभा राहील, तो माझ्या उजव्या आरशात सतत दिसेल, तो दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबेल. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे येऊ दे. काच खाली, गाणी बंद, मुले कोणातरी मोठ्याच्या हाताला धरलेली. माझ्या धाकट्या भावाला हे काम नेमून दिले आणि त्याच्याशिवाय कोणाचेही ऐकायचे नाही असे ठरले.

कोण कुठे बसणार

निघायच्या आदल्या दिवशी घरात सर्वांत मोठा वाद झाला तो सामानाचा. आहेराच्या पेट्या, तांब्याची दोन पातेली, मिठाई, चार बॅगा. भावाचे म्हणणे, सगळे टपावरच्या कॅरिअरवर टाका, आत ऐसपैस बसू. मामूंनी ठाम नकार दिला.

हिशेब सोपा आहे. तेराजण सरासरी साठ किलोचे धरले तरी ७८० किलो होतात. वर दीडशे किलो सामान. म्हणजे जवळपास एक टन वजन, तेही सीटच्या उंचीवर. त्यात आणखी टपावर ओझे चढवले की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलंडायला बघते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये तिथल्या पंधरा सीटच्या व्हॅनबद्दल इशारा दिला होता. एकट्या गाडीच्या अपघातांत, दहा किंवा अधिक माणसे बसलेली व्हॅन उलटण्याचे प्रमाण कमी माणसे असलेल्या व्हॅनच्या जवळपास तिप्पट आढळले होते. त्यांचा सल्ला असा की टपावर काही ठेवू नका, माणसे कमी असतील तर पुढच्या सीट आधी भरा. गाडी तिकडची असो वा इकडची, वजनाचा नियम तोच.

म्हणून जड पेट्या सीटखाली आणि मधल्या जागेत गेल्या, मिठाई शेवटच्या सीटजवळ, टप रिकामा. दोन बॅगा शेजारच्या घरातून एसटीने जाणाऱ्यांबरोबर पाठवल्या. नानींना मधल्या रांगेत बसवले. पुढची चाके आणि मागची चाके यांच्या मध्ये हादरा सर्वांत कमी बसतो. शेवटची सीट मागच्या चाकांच्याही मागे असते, तिथे प्रत्येक खड्डा दुपटीने लागतो. घाटात उलटी होणाऱ्यांना तिथे बसवू नये. आमच्याकडे नेमकी तरुण मुले आवडीने तिथे जाऊन बसली.

मामूंनी मला एकच वाक्य सांगितले होते. "बेटा, तू पुढे बसतोस, पण गाडी मागच्या सीटवरून चालव. मागे बसलेल्याला काय लागेल ते आधी बघ, मग पाय हलव." पुढचे सगळे नियम मला या एका वाक्यातून उलगडत गेले.

कधी निघायचे

निकाह रविवारी जुहरनंतर, मेंदी शनिवारी संध्याकाळी. तरुण मंडळींना शुक्रवारी रात्री निघायचे होते. रस्ता मोकळा मिळेल, ऊन लागणार नाही, शनिवारचा दिवस पूर्ण मिळेल. बोलणे चुकीचे नव्हते. पण दिवसभर काम करून रात्री अकराला अनोळखी गाडी घेऊन निघणे, आणि घाटाला पोचायची वेळ पहाटे तीनची. झोपेचा जोर त्याच वेळेला सर्वांत जास्त असतो. मामू म्हणाले, "रात्रीची गाडी नव्या हाताला नाही." नानी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मला मेंदी नाही दिसली तरी चालेल, सगळे दिसायला हवेत." त्यावर कोणी बोलले नाही. शनिवारी फज्र पढून, सफरची दुआ करून साडेपाचला निघालो.

त्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली. थंड टायरची हवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, भरलेल्या गाडीसाठीचा आकडा बहुतेक वेळा वेगळा असतो. स्टेपनी, जॅक, पाना. ब्रेकचे आणि वळणाचे दिवे, त्यासाठी एकाला मागे उभे केले. वायपरचे पाणी. पंपावर "डिझेल" हा शब्द स्वतः तोंडाने सांगायचा, टाकी भरेपर्यंत उतरून उभे राहायचे.

पळस्पे ते महाड

मुंब्रा, शीळफाटा, कळंबोली, पनवेल आणि मग पळस्पे फाटा. इथून गोव्याचा महामार्ग सुरू होतो, पूर्वीचा १७ नंबर, आताचा ६६. कर्नाळ्याच्या जंगलातून सकाळी जाताना मुलांनी सुळका बघायला डाव्या-उजव्या खिडक्यांकडे धावाधाव केली आणि गाडी हलकीशी डोलली. मुलांचे उठणे-बसणे सुद्धा स्टिअरिंगला जाणवते, हे तेव्हा कळले. त्यानंतर पट्टे लावून बसायचा नियम झाला.

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. २०११ पासून चाललेले रुंदीकरणाचे काम या पट्ट्यात सर्वांनी भोगले आहे. कुठे गुळगुळीत काँक्रीट, तर कुठे अचानक वळवलेला रस्ता. मोठ्या गाडीत वेग वाढलेला कळत नाही, कारण आपण उंचावर बसतो आणि रस्ता हळू सरकतो असे वाटते. म्हणून अंदाजावर न जाता काट्याकडे बघायचे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला कमाल १०० आणि चालकाशिवाय नऊ किंवा अधिक सीटच्या गाडीला ९०. साध्या रस्त्यावर कारला ७०, आपल्याला ६०. स्थानिक फलक त्याहून कमी सांगत असेल तर तो पाळायचा. मामूंनी मला पहिल्या दिवसासाठी ६० च्या वर परवानगीच दिली नाही.

त्याचे कारणही त्यांनी समजावले. ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. वेग ६० चा ८० केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर पावणेदोन पटींहून जास्त होते. कारमध्ये आपण पुढच्या गाडीच्या मागे दोन सेकंदांचे अंतर ठेवतो, इथे चार ठेवायचे, पावसात सहा. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मोजायला लागायचे. मधल्या रिकाम्या जागेत कोणी कार घुसवली तर घुसवू द्यायची आणि पुन्हा मागे सरायचे. याचा राग येतो, पण राग आला की पाय जड होतो आणि झटका शेवटच्या सीटला बसतो.

ओव्हरटेक शक्यतो नाहीच. करायचाच झाला तर समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसला पाहिजे, आणि डाव्या आरशात मागे टाकलेली गाडी पूर्ण दिसल्याशिवाय डावीकडे यायचे नाही. आपण पुढे गेलो तरी आपली शेपटी अजून तिच्या शेजारीच असते.

इंदापूर आणि माणगाव या दोन गावांत कोंडी ठरलेली. तिथे भीती वेगाची नसते, डावीकडून सुळकन पुढे येणाऱ्या मोटारसायकलींची असते. डावीकडे वळण्याआधी सिग्नल द्यायचा, थांबायचे, डावा आरसा बघायचा, मगच वळायचे. थांब्यावरही तेच. दार डावीकडे असते, मुले दार उघडून उडी मारायला टपलेली असतात. मी "उतरा" म्हटल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही असे ठरले होते आणि दाराजवळची सीट एका मोठ्या माणसाला दिली होती.

दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबायचे. न्याहारीला घावने आणि चहा, चालवणाऱ्याने पोटभर खायचे नाही. जुहरची वेळ गाठायला वेग वाढवू नये, सफरीत कसरची सवलत आहे आणि वेळही पुरेसा असतो. थांबायचे ते पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून तिच्या आडोशाला मुसल्ले अंथरलेले अनेकदा दिसतात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ते दिसत नाहीत.

महाड सोडल्यावर सावित्रीचा पूल लागला आणि गाडीतली बोलणी आपोआप थांबली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसात इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली. अंधारात पुढे पूल नाही हे चालकांना कळायला मार्गच नव्हता. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. मामू हळूच म्हणाले, "पावसाळ्यात रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं की उलट फिरायचं. खाली रस्ता आहे की नाही ते पाणी सांगत नाही."

घाट

पोलादपूर मागे पडले की कशेडी. पूर्वी हा घाट म्हणजे कोकणच्या सफरीची परीक्षा असे. आता बोगद्यातून जाता येते आणि बराच वेळ वाचतो. बोगद्यात शिरण्याआधी हेडलाइट लावायचे, गॉगल काढायचा, पदर बदलायचा नाही. बाहेर पडताना डोळ्यांवर ऊन येते, तेव्हा वेग आधीच कमी हवा.

खेडच्या पुढे भोस्ते घाट आणि लोट्यानंतर परशुराम घाट. उतरणीची खरी शिकवणी इथे झाली. जुन्या ड्रायव्हरांचा नियम साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा, मध्यावर नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलो तर ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पाय दाबूनही गाडी पकड घेत नाही. ब्रेक ठामपणे दाबून वेग खाली आणायचा आणि पाय काढायचा, पुन्हा वाढला की पुन्हा तसेच. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे आपण पाहतो. इंजिन बंद करून उतरणारेही असतात. इंजिन बंद पडले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखे जड होतात. तेरा माणसांच्या जिवावर वाचवलेल्या त्या डिझेलची किंमत किती होते?

वळणाचा वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक नको. भोस्ते घाटातले वळण अपघातांसाठी बदनाम आहे. तिथे मी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो. मागे हॉर्नचा गजर झाला. एक कारवाला हातवारे करत पुढे गेला. मामू म्हणाले, "जाऊ दे त्याला. त्याच्या मागे कोण बसलंय ते त्याला माहीत, तुझ्या मागे कोण बसलंय ते तुला माहीत."

परशुराम घाटाच्या शेवटच्या उतारावर खाली वाशिष्ठी नदी आणि चिपळूण दिसू लागले. मुलांनी आरडाओरडा केला तसे कोणीतरी त्यांना गप्प केले. आरशात बघितले तर नानी झोपल्या होत्या. मामूंनीही मागे वळून पाहिले आणि पुढे बघत फक्त मान हलवली.

गल्ली, मांडव आणि नानी

सगळ्यांना वाटते महामार्ग अवघड. मोठ्या गाडीचा खरा कस गावात लागतो. चिपळूण सोडून खाडीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर फणस-आंब्याच्या फांद्या. मोहल्ल्याच्या तोंडाशी मांडवाचे बांबू आणि रोषणाईच्या माळा रस्त्यावर आडव्या.

घर तिथून शंभर-सव्वाशे पावलांवर. नानींचे गुडघे दुखरे. खालाकडची मुले धावत आली, "येऊ दे, येऊ दे, मागच्या वर्षी पण गाडी आत आली होती!" चारजण चार दिशांनी हात करत होते. मी हँडब्रेक ओढून उतरलो आणि भावाबरोबर गल्ली पायी चालून आलो. रुंदी आरसे मिटून जेमतेम पुरेल अशी. पण एका जागी माळेची तार सात-आठ फुटांवर लोंबत होती, आणि स्टिअरिंगसमोरचा कागद अडीच मीटरच्या वर सांगत होता, म्हणजे आठ फुटांहून जास्त. वर त्या तारेत वीज. शेवटच्या घराजवळ वळायला जागा नव्हती, म्हणजे येताना पूर्ण गल्ली रिव्हर्स.

नाही म्हणणे सोपे नव्हते. नानींना चालवणार का, असे दोन-तीन मोठ्यांनी तोंडावर विचारले. मामू खाली उतरले आणि म्हणाले, "खुर्ची आणा." हातांची प्लास्टिकची खुर्ची आली, चार नातवांनी उचलली आणि नानी लग्नघरात नवरीच्या आधी मिरवत गेल्या. वाटेत घरोघरच्या बायका ओटीवर येऊन सलाम करत होत्या. नानींनी नंतर सांगितले की गाडीतून उतरले असते तर एवढी माणसे भेटलीच नसती.

गाडी मी मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत, दिवसाउजेडी, तोंड रस्त्याकडे करून लावली. आल्याबरोबर गाडी फिरवून ठेवायची, हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अंधारात, गर्दीत, घाबरलेल्या मनाने रिव्हर्स घ्यावा लागत नाही. उतार असेल तर पहिला गिअर, हँडब्रेक आणि चाकाखाली दगड. आणि किल्ली एकाच्याच खिशात. लग्नघरात "जरा गाडी बाजूला घेतो" म्हणणारे पुष्कळ असतात.

परतीचा दिवस

निकाह सुंदर झाला, अल्हम्दुलिल्लाह. सांदणे खाल्ली, पाठवणी झाली, मांडवातली शेवटची बैठक रात्री दीडला उठली. सोमवारी कामावर हजर व्हायचे असलेले चौघेजण होते. पहाटे चारला निघालो तर दहापर्यंत पोचू, असा त्यांचा हिशेब. माझी झोप अडीच तासांची झाली असती. चहा पिऊन, काच उघडी ठेवून, गप्पा मारून झोप टळते असे आपण समजतो. झोप टळत नाही, थोडी पुढे ढकलली जाते, आणि कधी कधी ती नेमकी घाटात गाठते.

या वेळी मामूंनी निर्णय माझ्यावर सोपवला. "चालवणारा तू आहेस. तूच सांग." मी सांगितले, झोप पूर्ण करून, न्याहारी करून नऊला निघू. ज्यांना घाई आहे त्यांना चिपळूण स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर सोडतो. दोघे पहाटे एसटीने गेले, दोघांनी फोन करून रजा वाढवली. थोडी कुरकुर झाली.

घरच्या मंडळींसाठी शेवटची गोष्ट हीच. मोठी गाडी पहिल्यांदा चालवणाऱ्याला कसब मिळायला वेळ लागतो, पण "आता नको" म्हणण्याचा अधिकार त्याला पहिल्याच दिवशी द्यायला हवा. त्याने मंद चालवली तर चिडवू नका, थांबू या म्हटले तर घड्याळ दाखवू नका, गल्लीत शिरायला नकार दिला तर मागच्या वर्षीची गाडी सांगू नका. शेजारी एक जाणता माणूस बसवा आणि बाकीच्यांनी सूचना देणे बंद करा.

सोमवारी नऊला निघालो. घाट चढताना मागच्या सीटवर मुले मेंदीचे हात एकमेकांना दाखवत होती, पुढे मामू आरशात माझ्याइतकेच लक्ष ठेवून होते. दोनदा थांबलो, वडखळला चहा घेतला, असरला मुंब्र्यात पोचलो. दोघांच्या रजा गेल्या. मिठाईचा एक डबा सोडला तर सगळे सामान आणि सगळी माणसे जशी नेली तशी घरी आली.